खांडा नको, माणूस पाठवा

कुठल्याही गोष्टीला नाही म्हणण्याआधी आक्का तिची बाजू घ्यायची. आणि अशी घ्यायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही फितूर झाली.

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमची आणि तिची भिंत एक होती. तिचे वडील पॉइंट्समन, माझे रेल्वेतच खलाशी. ते मराठा, आम्ही बौद्ध. आक्का गावातल्या शाळेत शिकवायची. मी कॉलेजात होतो आणि नामांतराची पत्रकं लिहायचो. आमच्या घरात धान्याच्या डब्याखालीसुद्धा पत्रकंच अंथरलेली असत; वाचायला मी त्यांच्यावर शिकलो. माझं पत्रक हातात घेऊन आक्का म्हणायची, "भाषा झणझणीत हाय. पण समोरचा काय म्हणायलाय, ते कुठाय? पडलेल्याला काय मारायलास? आधी त्याला नीट उभा कर, मग पाड."

मला राग यायचा. दगड खाणाऱ्यांनी दगड मारणाऱ्यांची बाजू कशाला मांडायची? पण रात्री मी पत्रक पुन्हा लिहायचो, आणि ते आधीपेक्षा जास्त लागायचं.

अशा आक्काला गंगेपल्याडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, एका गढीवरून मागणी आली. जहागीर कधीच गेली होती, तरी त्या घरच्या मुलाला लोक 'राजे' म्हणत. शाळेच्या बक्षीस समारंभाला ते पाहुणे होते. आक्काचं भाषण त्यांनी ऐकलं आणि घरी हट्ट धरला. आक्काच्या आईला वाटलं, पोखर्णीचा नरसिंह नवसाला पावला. एकच अट होती. आपल्याहून लहान घराच्या दारात राजे स्वतः जात नसत. त्यांचा खांडा, म्हणजे तलवार, यायचा. नवरीनं त्याला हार घालायचा आणि गढीवर जायचं. तिथं गोषा; बायकांनी पडद्याआडच राहायचं.

मी सरंजामशाहीवर तोंडसुख घेतलं. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"राणी म्हणून घ्यायला कुणाला नको वाटतं रे?" ती म्हणाली. "मला तर लय वाटायलंय. आईचं नळावरचं भांडण सुटंल. दादांना रात्रपाळी करावी लागणार न्हाई. आन् गढीत काचेची कपाटं हायत म्हणं, पुस्तकांनी भरलेली. खोटं कशाला बोलू, त्या कपाटांपायी झोप न्हाई मला."

"आणि खांडा?"

"त्याचंच कोडं हाय. तलवार रुसली, तर समजूत कशी काढायची?" ती हसली आणि पुढची शेंग फोडली. "शाळा सुटंल. तुझ्या माईच्या हातची भाकर सुटंल. हे दुसऱ्या पारड्यात. अजून काटा हालायलाय."

रविवारी कारभारी होकार घ्यायला आले. आक्काच्या घरी धड कप नव्हते. माझ्या आईनं आमचे दिले. निळ्या काठाचे. कारभाऱ्यांनी चहाची तारीफ केली, गढीचे रिवाज सांगितले. सूनबाईंनी बाहेर कुठं पाणीही घ्यायचं नाही, असं म्हणाले.

आक्का शांतपणे म्हणाली, "चहा चांगला झाला ना, काका? कप शेजारच्या माईंचे हायत. बौद्ध हायत त्या."

कारभारी काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, इतकंच. अर्धा चहा तसाच. आक्का त्यांच्या तोंडाकडे नाही, त्या हाताकडे बघत होती. काटा तिथं थांबला.

"राजेसाहेबांना सांगा," ती उठून म्हणाली, "मागणी घातली, माझा मान वाढला. पण खांडा पाठवू नका, माणूस पाठवा. त्यांनी येऊन ह्याच कपातनं चहा घ्यावा. मग पुढचं बोलू."

तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. वडील हातातल्या टोपीकडे बघत हळूच म्हणाले, "बरोबर बोलली पोरगी."

राजे आले नाहीत. त्यांचा खांडा दुसऱ्या घरी गेला. आक्काला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. तिनंच मला तसं लिहू दिलं नसतं. "कपाटं मात्र बघायची राहिली," ती पुढं कैकदा म्हणाली.

नामांतर झालं त्या आठवड्यात पूर्णेत अजून गुलाल उडत होता. पॅसेंजरमधून एक मुलगी एकटीच उतरली आणि आक्काचं घर विचारत आमच्या दारात आली. डोक्यावर पदर नाही, हातात पिशवी. राजांची धाकटी बहीण. मी तिला शेजारी आक्काकडे नेलं.

"कारभारी परत आले, तेव्हा आम्ही सगळ्या पडद्याआड होतो," ती म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकलं. तेव्हापासून आमच्यात कुणी हिंमत केली, की आम्ही म्हणतो, माणूस पाठवा. मला शिकवायचं आहे, तुमच्यासारखं. घरी भांडून आलेय." मग पिशवी आक्कापुढं केली. "आमच्या कपाटातली थोडी पुस्तकं आणलीत."

आक्काला पहिल्यांदाच दुसरी बाजू मांडता येईना. तिनं भिंतीवर थाप मारून माझ्या आईला हाक दिली, "माई, ते निळ्या काठाचे कप काढा."

मुलीनं कप दोन्ही हातांत धरला, तळापर्यंत चहा संपवला, आणि अजून मागितला.