दोन्ही हात हँडलवर

देवासला सायकलवर वाढलेल्या बाईचा उजवा हात देवीची टेकरी दिसली की आपोआप सुटतो. कपाळाला लागतो, छातीला लागतो आणि परत हँडलवर येतो. शाळेत शिकवायला जाताना मी वर्षानुवर्षं हेच केलं. डांबरी रस्त्यावर तेवढं खपून जातं. लोहारदा गावाजवळच्या कच्च्या वाटेवर हीच सवय मला तोंडघशी पाडेल असं वाटलं नव्हतं.

नवशिक्यांसाठीच्या त्या दोन दिवसांच्या सायकल सहलीत मी नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यांनी माझं वय काढलं. वन्सं, म्हणजे माझी नणंद, सोबत आल्या, पण सामानाच्या जीपमधून. मी कधी दमून शेजारी येऊन बसते ते त्यांना बघायचं होतं. मीही हट्टी. जीपमध्ये बसून परतायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

शनिवारी जाड टायरच्या सायकली मिळाल्या. हरभऱ्याच्या शेतांमधून मुरुमाची वाट होती. इंदूरहून आलेली आमची गाइड तिशीतली, शांत. उतारावर ब्रेक हळू दाबायचा, नजर लांब ठेवायची, हे तिनं नीट समजावलं आणि मला चटकन जमलंही. मी खुशीत होते. तेवढ्यात बांधाशी शेंदूर फासलेला एक दगड दिसला आणि माझा हात कपाळाकडे गेला. पुढचं चाक सरकलं, मी हरभऱ्यात. दुपारी पिंपळाखाली मारुती भेटला आणि पुन्हा तेच. या वेळी कोपर सोललं. वन्संनी जीपमधून उतरून डब्यातली हळद लावली आणि म्हणाल्या, "वहिनी, पोचला हो तुमचा नमस्कार." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गाइड हसली नाही. रविवारी शेवटी नदीकडे जाणारी दगडगोट्यांची लांब उतरण होती. तिथं एक हात सुटला तर हाड मोडेल, असं तिनं सांगितलं.

"काकीजी, कल एक बार भी हाथ छूटा, तो उतार से पहले गाड़ी में बिठा दूँगी। दोनों हाथ हैंडल पे।"

मला राग नाही आला, भीती वाटली. हात काही मला विचारून जात नव्हता.

रविवारी सकाळभर हात जागेवर राहिला, पण त्यात माझं कौतुक नाही. वाटेत एकही देव भेटला नव्हता. मग उतरण लागली. खाली जीप उभी होती आणि वन्सं दार उघडं धरून वाट बघत होत्या. अर्ध्यावर वळण होतं आणि नेमका वळणावरच भेरू महाराजांचा ओटला, म्हणजे आमच्याकडचा भैरवाचा ओटा, ताज्या शेंदराचा, वर लाल झेंडा. माझी बोटं हँडलवरून उचलली गेलीच. ती मी परत आवळली आणि मोठ्यानं म्हणाले, "महाराज, हात मोकळे नाहीत. खाली पोचून येते."

सायकल वळली. दगडांवरून खडखडत, दात आवळून, ब्रेक हळूहळू सोडत मी नदीपर्यंत आले आणि पाय टेकले. हातांना मुंग्या आल्या होत्या. निवृत्तीच्या सत्कारात, गळ्यात हार असतानाही मला एवढा आनंद झाला नव्हता. गाइडनं पाठ थोपटली. वन्संनी जीपचं दार लावून टाकलं.

"वहिनी, आता तरी काठाशी बसा घटकाभर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी एक काम आहे. सायकल त्यांच्या हाती दिली आणि ती अर्धी चढण पायी चढून ओटल्याशी गेले. जन्मभर वाटेतल्या देवांना मी एका हाताने, जाता जाता नमस्कार केला होता. त्या दिवशी चपला काढल्या आणि सावकाश दोन्ही हात जोडले.