मशीनचा उपवास

केसाएवढ्या काचेच्या तंतूला तसाच दुसरा तंतू जोडायचा, हे माझ्या थोरल्या बहिणीचे काम. देशात उदारीकरणाचे वारे वाहत होते, तंजावूरहून कुंभकोणमला टेलिफोनची ऑप्टिकल केबल निघाली होती आणि अक्काला इंजिनिअर म्हणून प्रथमच अख्खा मार्ग मिळाला होता. वाटेतल्या पापनाशमला शेवटचा जोड राहिला आणि साहेबांनी विजयादशमीला तिथेच उद्घाटन ठरवले. मांडव टेलिफोन एक्स्चेंजपेक्षा मोठा होता.

आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा. अवजारे देवापुढे मांडतात, चंदन-कुंकू लावतात, मग सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. ऑफिसच्या मंडळींनी जोडणीचे मशीनही पूजले. भक्ती मोठी, म्हणून झाकण उघडून, आतून.

सकाळी मी अक्काला स्कूटरवरून पापनाशमला सोडले. तिने मशीन उघडले. तंतू ज्या खाचेत बसतो, तिथे चंदन वाळले होते. पहिला जोड वाकडा आला. प्रकाश पलीकडे पोचत होता, पण निम्मासुद्धा नाही.

मांडवामागे जोडणीसाठी तंबू ठोकला होता; साहेब त्यात डोकावले. "मॅडम, मंत्री फक्त हॅलो म्हणणार. हॅलोला कितीसा जोड लागतो?"

"सर, मंत्री गेल्यावर लोक बोलणार आहेत."

"उशीर झाला तर पुढचा तिरुवैयारुचा मार्ग विसरा."

तिने स्पिरिटमध्ये कापूस बुडवला. खाच पुसली, तंतू नव्याने कापला, जोडला, प्रकाश मोजला, कमी भरला म्हणून तोडून टाकला. पुन्हा पुसायला घेतले.

"अगं, मंत्री आले!" मी म्हणालो.

"भाषणं आहेत ना?"

"भरपूर."

"मग घाई कसली?"

बाहेर शालीमागून शाल पडत होती. एका वक्त्याने मंत्र्यांची स्तुती केली, दुसऱ्याने त्या स्तुतीची. भाषण संपू नये असे मला आयुष्यात तेव्हाच एकदा वाटले. अक्काचा हात मात्र एकदाही घाईत हलला नाही.

मंत्र्यांनी रिसीव्हर उचलायच्या जरा आधी तिने मशीनचे झाकण लावले. कुंभकोणमचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. आभारात मांडववाल्याचेही नाव होते, तिचे नव्हते. तिने विचारले ते एवढेच, "खरखर नव्हती ना?"

पुढच्या आयुधपूजेला तिरुवैयारुचे काम तिच्याकडेच होते. मंडळी चंदन घेऊन आली, तेव्हा ती मशीनच्या बंद पेटीवर हात ठेवून उभी होती.

"मॅडम, मशीनला लावू?"

"त्याचा आज उपवास आहे. पेटीला लावा."