बाबांचा डावा हात

त्या हिवाळ्यात माझ्या बाबांचा उजवा हात महिनाभर प्रात्यक्षिकाचा प्लॉट होता. दोष माझा.

मी तेव्हा अकोल्याला, जठारपेठेत खोली घेऊन शिकत होते. त्वचेचे तीन थर इंग्रजीतून तोंडपाठ होते. बाबांशी मात्र सलग दोन वाक्यं बोलता येत नव्हती. पहिलीत असताना ते मला हात धरून शाळेच्या बसपर्यंत नेत. त्यानंतर तो हात धरायला काही कारणच मिळालं नाही. आता कापूस वेचून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि मला कारण मिळालं होतं. क्रीमची डबी!

"द्या हात, मी लावते," एवढंच म्हणायचं होतं. (दर्यापूरच्या बसमध्ये सरावही केला होता.) घरी पोचल्यावर मी व्याख्यान दिलं. सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. तो फाटला की आतलं पाणी उडून जातं. म्हणून हात धुतल्यावर ओलसर असतानाच क्रीम लावायचं, म्हणजे पाणी आत टिकतं.

"म्हंजे डवरणी," बाबा म्हणाले. "जमिनीत ओल हाये तवरच डवरा फिरवा, भेगा बुजवा, ओल आतच रायते. येवढ्यासाठी अकोल्याले खोली कायले पायजे?"

"पण आधी थोड्या जागेवर लावून बघायचं असतं," मी डबीवरची सूचना वाचली. इथंच घात झाला.

"बराबर हाये. नवं औषध कोनी सगळ्या वावरात मारते का?"

त्यांनी क्रीम स्वतःच उजव्या हाताला लावलं. डावा कोरा ठेवला, तुलनेसाठी.

त्या वर्षी सोयाबीनची दुबार पेरणीही वाया गेली होती. ओसरीवर माणसं येत, बसत, उठून जात. आता ती पाहणीला येऊ लागली. शेजारचे रामदासकाका दोन्ही हात उलटेपालटे करून बघत.

"उजवीकडचं पीक जोरात हाये," एका रविवारी ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "अन् पोरीच्या गालाले काय झालं बे?"

(मुरुमांवरचं क्रीम वाटाण्याएवढं लावायचं असतं. मी लिंबाएवढं लावलं होतं. सूचना मी दुसऱ्यांनाच वाचून दाखवते.)

"तिथं डोस जास्त झाला," बाबा शांतपणे म्हणाले. "पीक होरपळलं."

ओसरी हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मलाही हसायचं होतं, पण गाल ताणला जात नव्हता.

पाचव्या रविवारी मी बॅग भरून दाराशी उभी होते. बाबांनी हात धुतले, पुसले नाहीत, आणि डावा माझ्यापुढे धरला.

"हा रायला. याले तू लाव."

तो हात माझ्या हातात आला. जड, खरखरीत, ओला. पहिलीपासून याचीच वाट पाहत होते. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "त्वचेला तीन थर असतात."