दीर्घिकेच्या उतरणीला जबाबदार कोण?

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एकदा नापास झालो होतो. अहवालात मी लिहिलं होतं, 'या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश वर्षानुवर्षे कमी-जास्त होत आहे आणि कोणीही दखल घेत नाही.' सर म्हणाले, "अहवाल मागितला होता, निवेदन नाही." आता कापसाच्या भावावर पत्रकं लिहून लिहून माझा हातच तसा झाला होता, त्याला मी काय करणार? दुसरी संधी शेवटची होती. तोंडी परीक्षा यवतमाळला, आणि नेमकी आदल्या दिवशी मारेगावला आमच्या शेतकरी आंदोलनाची सभा.

दोन्हीकडचे मोठे आलेख मीच हाताने काढले होते. एक कापसाच्या भावाचा, दुसरा त्या दीर्घिकेचा. तिच्या मधोमध कृष्णविवर आहे. त्यात पडता पडता वायू तापतो आणि अतिनील प्रकाशात झळकतो, कधी जास्त, कधी कमी. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही, म्हणून मापं उपग्रहाची. दोन्ही गुंडाळ्या मी सारख्याच वर्तमानपत्रात बांधल्या. हा माझा मूर्खपणा.

आमच्यात वक्त्याला पहिला धडा असतो: लोकांकडे तोंड, फळ्याकडे पाठ. मी एक गुंडाळी सोडून टांगली, पाठ फिरवली आणि पंधरा मिनिटं छडी मागे आपटत राहिलो.

"या उतरणीला जबाबदार कोण?"

"सरकार!"

"ही उतरण नैसर्गिक आहे का?"

"नाही!"

ती शंभर टक्के नैसर्गिक होती.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी हात वर केला. "भाऊ, हे कापसाचं नोहे."

"काहून, काका?"

"खाली गेलं अन् पुन्हा वर येऊन राह्यलं ना. आपला भाव असा उठते का कधी?"

मी वळून पाहिलं. सभा हसून लोटपोट. मी खरं काय ते सांगून टाकलं, तर काका उठून आलेखाजवळच आले आणि बोट ठेवून म्हणाले, "इथं ठिपके कायले नाहीत?"

"तेव्हा उपग्रह दुसरीकडे बघत होता."

"अन् तू सरळ रेघ ओढून देल्ली? मंधात काय झालं, तुले काय मालूम? साहेब लोकबी असाच पंचनामा करते, गाडीतूनच!"

साहेब! मला! माझ्यावर याहून घाणेरडा आरोप आजवर झालेला नाही. रेघ लाल स्केचपेनची होती, खोडरबराला दाद देईना. परतीच्या बसमध्ये मी ब्लेडने खरवडली. बस खड्ड्यात आदळे तसा कागद फाटे.

दुसऱ्या दिवशी सरांनी आलेख उजेडात धरला. "ही भोकं कसली?"

"तिथे मापं नाहीत, सर."

"मग तिथे काय घडलं असेल?"

जीभ शिवशिवली. घोषणा ओठांपर्यंत आली होती.

"माहीत नाही, सर."

सरांनी आलेख गुंडाळून माझ्या हातात दिला. "बस खाली. पास."

मी बसलो नाही. माझे अजून चार मुद्दे बाकी होते.