पन्नास किलोची बॉडी

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मागं एकाला हा किस्सा सांगताना त्याच्या नाकातून चहा आला होता. आपल्या माणसाची फजिती ऐकायला तुम्हाला आवडतं ना? मग ही घ्या, माझीच!

मी सोलापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी नवी पेठेत पँटचं कापड घेतलं आणि एस.टी. स्टँडला जायला शेअर रिक्षात बसलो. शेजारी साडीची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक मावशी. पुढं रिक्षावाले अंबादास. त्यांचं नाव मला नंतर कळलं.

तेवढ्यात संपदाचा फोन. संपदा म्हणजे माझी भाची, अक्कलकोटला असते. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती आणि तिला फ्री बॉडी डायग्राम जमत नव्हता. म्हणजे काय, तर एखादी वस्तू घ्यायची, तिच्या आजूबाजूचं सगळं काढून टाकायचं आणि तिच्यावर कुठून कुठून जोर लागतोय ते बाणांनी दाखवायचं. झालं! एवढंच!

पण नवी पेठेतला तो गोंगाट! पोरीचं निम्मं बोलणं हॉर्नमध्ये वाहून जात होतं. मला मात्र शिकवायला समोरच्याचं ऐकू यावं लागतं, असं कुठाय? मी वर्गातला आवाज लावला.

"पन्नास किलोची बॉडी ना? बरं! टांगलेली असणार. घाबरू नकोस. आधी दोरी काप!"

मावशी जरा सरकल्या. मला वाटलं, बसायला जागा देतायत. लोक किती चांगले असतात, नाही का?

"आता आजूबाजूचं सगळं पुसून टाक. काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नाही. फक्त बॉडी!"

रिक्षा हळू झाली. आरशात अंबादासांचे डोळे दिसले, हे एवढाले!

"हातपाय, तोंड काही नको गं! बॉडीचा ठिपका केला तरी चालतो. मग बाण मार. एक खाली, एक वर. आणि आईला विचारत बसू नकोस, तिला यातलं काही कळत नाही!"

मावशी चालत्या रिक्षातून उतरायला निघाल्या. "थांबव रं बाबा, मला हितंच उतरायचंय!" उतरल्या, आणि साडीची पिशवी छातीशी धरून मागं न बघता सुटल्या.

फोनची रेंज गेली. मी खूश! म्हटलं, केवढं अवघड प्रकरण चालत्या रिक्षात सोपं केलं! त्या आनंदात रिक्षा कुठं वळली तेच कळलं नाही.

"अहो, स्टँडला जायचंय."

"जाऊ की," अंबादास म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "वाईच हितं थांबून जाऊ."

थांबली ती पोलीस चौकीच्या दारात! मला वाटलं, बिचाऱ्याचं लायसनबियसन अडकलं असेल. मी वर त्यांनाच धीर दिला, "घाबरू नका, मी येतो तुमच्याबरोबर." आणि गेलो की आत, आपल्या पायांनी!

अंबादासांनी हवालदारांच्या कानात काहीतरी सांगितलं. हवालदार उठून दाराशी उभे राहिले.

"बॉडी कुटं हाय?"

"कुठली बॉडी?"

"पन्नास किलोची."

"ती होय! ती अक्कलकोटला. भाचीकडं."

"कुणाची हाय?"

आता शिक्षकाला असा प्रश्न विचारावा का कुणी? मी रंगात आलो. "कुणाचीही असू द्या, साहेब! पेटी असो, म्हैस असो, माणूस असो, पद्धत सगळ्यांना एकच!"

"म्हंजी ह्याच्या आदीबी केलंय?"

"अहो, दरवर्षी! पोरांकडून करून घेतो!"

अंबादास मटकन बाकावर बसले. हवालदारांनी माझा हात धरला, आणि तेव्हा, मित्रांनो, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घाम म्हणजे काय फुटला! फिजिक्स, डायग्राम, कॉलेज, सगळं एका दमात सांगितलं. पण पटतंय कुणाला?

"लावा फोन भाचीला. स्पीकरवर."

लावला. उचलला माझ्या बहिणीनं. मी म्हटलं, "अक्का, पोलीस चौकीतून बोलतोय." पलीकडून "अय्यो!" एवढंच आलं आणि फोन संपदाच्या हातात गेला.

"पोरी, खरं सांग," हवालदार म्हणाले, "ती टांगलेली बॉडी कुनाची?"

"टांगलेली?" संपदा म्हणाली. "काका, ती लाकडी पेटी आहे. गणितातली. आणि टांगलेली नाहीच! मी मामांना ओरडून सांगत होते, पेटी टेबलावर ठेवलीय. नुसती ठेवलीय. दोरी कुठून आली तेच कळेना मला!"

मी पंख्याकडं बघत राहिलो.

हवालदारांनी माझा हात सोडला, खांद्यावर थोपटलं आणि फोनकडं वाकून मायेनं म्हणाले, "बाळ, मामाला सोडतो आमी. पन तू दुसरी शिकवणी लाव."