कोण काय वाचतं, ते आम्ही सांगत नाही

गेल्या आठवड्यात माझा पार पोपट झाला. हसण्यासारखा नाही... ज्यात एका पोरीचं नुकसान होतं, तसला.

सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. सोमवारी कुलूप काढतेय तोवर एक तिशीतला माणूस आला. आमच्या एका वाचक मुलीचं नाव घेऊन म्हणाला, ती कुठली पुस्तकं नेते ते दाखवा, मी तिचा भाऊ आहे.

मुलगी तेवीस वर्षांची, चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. घरच्यांनी लग्न ठरवलंय आणि तिला ते करायचं नाही, हे तिनं मला पुस्तक बदलताना सांगितलं होतं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही.

मी नाही म्हणाले. कोण काय वाचतं हे आम्ही कोणाला सांगत नाही... घरच्यांनाही नाही. ही काही माझी लहर नव्हती. आमच्या ग्रंथपालांच्या संघटनेनं मागच्या वर्षी आचारसंहिता केली, त्यातलं हे पहिलंच कलम. सत्तावीस जणांनी सह्या केल्या, फेटे बांधून फोटो काढले. एकावर दबाव आला तर सगळे मिळून उभे राहू, असंही त्यात लिहिलंय.

अर्ध्या तासात आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन. तो भाऊ त्यांच्या ओळखीतला निघाला. दाखवून टाका की, कशाला ताणताय, म्हणाले. मी ऐकेना, तर म्हणाले, बघतो तुमच्याकडे. घाबरले मी, खोटं कशाला सांगू... निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

मग संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला. तेही ग्रंथपालच, दुसऱ्या पेठेतल्या वाचनालयात. आचारसंहितेचा मसुदा त्यांनीच लिहिलेला. "अजिबात दाखवू नका मॅडम. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत." केवढा धीर आला म्हणून सांगू... दुपारी डबासुद्धा पोटभर खाल्ला.

गुरुवारी त्यांच्याच वाचनालयातल्या लेखनिक बाईंकडून कळलं. भाऊ तिथे गेला होता. अध्यक्षसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रजिस्टर उघडून समोर ठेवलं. कोर्ट मॅरेजच्या कायद्यावरचं पुस्तक मुलीनं दोनदा नेलं होतं.

आमच्याकडे त्या पुस्तकाची प्रत नव्हती... म्हणून मीच तिला तिकडे पाठवलं होतं.

साहेबांना विचारलं, तर आवाजात लाज म्हणून नाही. मुलगी त्यांच्या घरची, घरच्यांपासून काय लपवायचं, म्हणाले. वर मलाच ऐकवलं, की तुमच्यासारखं ताठ राहून संस्था चालत नसतात. अहो, मग तो मसुदा काय फेट्यासाठी लिहिला होता?

संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं, बैठक बोलवा, सगळे मिळून यांना जाब विचारू. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकानं शुभ सकाळचं फूल टाकलं. मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सोय झाली. अ‍ॅडमिन कोण, ते कळलंच असेल. एका बाईंनी मला वेगळा मेसेज केला... तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव कुठे घेऊ नका.

शनिवारी ती मुलगी आली. भाऊ बाहेर गाडीवरच बसून होता. घरच्यांनी नोकरी सोडायला लावली, म्हणाली. पुस्तक आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि माझं नाव कमी करा म्हणाली.

मी हळूच म्हणाले, "अगं, मी नाही दाखवलं गं. ते तिकडून..."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. चिडलेलीसुद्धा नव्हती. "पण तुमीच म्हणाला होता की मॅडम, कुठल्याच वाचनालयात सांगत नसतात म्हणून."

म्हणाले होते. भिऊ नको, जा, असंही म्हणाले होते.

कृपा करून खाली माझं कौतुक करू नका, टाळ्या तर नकोच. मी माझं रजिस्टर तेवढं राखलं... पोरगी अडकली ती माझ्याच शब्दावर.