अपुरा बांध

चौबळ सर हे काही शाळेतले सर नव्हते. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत ते शिफ्ट इन्चार्ज होते आणि तिथे त्यांना सगळे देवदत्तसाहेब म्हणत. सर ते फक्त शनिवारी व्हायचे. बदलापूरच्या एका छोट्या संस्थेचं डोंगर पथक होतं, बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींचं. त्यांना घेऊन ते सकाळी सातला टेम्पोने खैरपाड्याला जायचे. डोंगरावर चर खणायचे, घाणेरीची झुडपं उपटायची, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला गवताचे पट्टे कापून काढायचे, ओहळात अनगड दगडांचे बांध घालायचे. असली कामं मुलं मान मोडून करायची आणि दुपारी पिठलं-भाकरीवर तुटून पडायची. ज्या पोरांचं घरी कुणी ताट उचलायला सांगितलं तरी तोंड वाकडं व्हायचं, ती इथे घमेली भरभरून माती वाहायची. चौबळ सरांना स्वतःचं मूल नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांची बायको कुमुदिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची, "आज दहाबारा पोरांचे बाप होऊन आलात वाटतं."

त्यांच्या जोडीला नवसू असायचा. खैरपाड्याचाच, ठाकर, जंगलखात्याच्या कामावर जाणारा. सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण डोंगरावर शब्द त्याचा. त्याने घालून दिलेला एक नियम सर दर शनिवारी मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे. दगडाला आधी हात नाही. आधी पहार. पहारीने दगड आपल्या बाजूला कलता करायचा, दहापर्यंत थांबायचं, खाली काही असलं तर ते पलीकडून निघून जातं. मग हातमोजे, मग हात. विषारी सापांतलं फुरसं वीतभर असतं आणि मातीच्याच रंगाचं असतं, हे नवसूने मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं की ती त्याची नक्कल करायची.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात खैरपाड्याच्या वरच्या ओहळातला बांध जवळजवळ पूर्ण झाला होता. दोन्ही कडांकडून येत येत मधे पाच-सहा हातांची खिंड उरली होती. त्या दिवशीचं काम संपलं, मुलं खाली झऱ्यावर हातपाय धुवायला गेली, नवसू हत्यारं पोत्यात बांधून टेम्पोकडे निघाला. वर सर एकटेच उरले आणि त्यांना आठवलं की ज्यांनी हातमोजे आणि घमेली दिली त्या कंपनीला फोटो पाठवायचा राहिला. संस्थेच्या बाईंनी तीनदा आठवण केली होती.

तेवढ्यात रविना आपली पाण्याची बाटली न्यायला वर आली. तेरा वर्षांची, उल्हासनगर कॅम्प दोनची. पहिल्या शनिवारी नखांना लाल नेलपॉलिश लावून आली होती आणि दुपारपर्यंत ते सगळं खरवडून गेलं तेव्हा खो खो हसली होती. सरांनी तिला हाक मारली.

"रविना, जरा त्या टोकाचा एक दगड उचलून उभी राहा. फोटो काढतो."

"सर, पहार बांधली."

"अगं, एक मिनिटाचं काम. राहू दे पहार. पटकन."

तिने वाकून दगड उचलला, पोटाशी धरला आणि हसली. सरांनी फोटो काढला. फोन खाली घेईपर्यंत तिने दगड टाकला होता आणि ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. रडली नाही. "सर, काहीतरी टोचलं," एवढंच म्हणाली.

सरांची हाक ऐकून नवसू वर आला, त्याने तिला पाठीवर घेतलं आणि तो धावत उतरला. टेम्पोने बदलापूर, तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलात. सापाच्या विषावरच्या सुया झाल्या, रक्ताच्या बाटल्या झाल्या. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग लघवी बंद झाली. सहाव्या दिवशी पहाटे रविना गेली.

विचारपूस झाली. पण वर काय घडलं ते पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. मुलं म्हणाली, ती बाटली आणायला गेली होती. संस्थेच्या बाई म्हणाल्या, नियम तर मुलांना तोंडपाठ आहे. आणि मग, सर काही बोलायच्या आत, रविनाची आई अंजना हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझी पोरगी कुणाचं ऐकायचीच नाही. नको तिथे हात घालायची सवयच होती तिला."

सरांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. नंतर चार वर्षं ते मिटलेलंच राहिलं.

पथक बंद पडलं. सर शनिवारीही ड्युटी मागून घ्यायला लागले. पण "सर, पहार बांधली" हे शब्द त्यांच्या मागे फॅक्टरीत आले. पंपांच्या घरघरीत ते कानाशी यायचे. घाबरलेले नव्हे, तक्रारीचे नव्हे, एखादी मुलगी साधी माहिती देते तसे. एकदा सरांनी चालू शिफ्टमध्ये मागे वळून "काय गं?" असं विचारलं. हेल्पर बघतच राहिला. ऑक्टोबरात बाजारात कुणी मुलगी लाल नेलपॉलिशची बाटली उन्हाला धरून बघत होती. ती मुलगी दुकानातून निघून गेली तरी सर तिथेच उभे होते. डिसेंबर आला की फोन आपणहून जुने फोटो काढून दाखवायचा, वर वाजंत्री लावून. त्यात ती दगड पोटाशी धरून हसायची. पुसून टाकायला अंगठा पुढे जायचा आणि तिथेच थांबायचा. आपण हे पुसलं तर जे घडलं ते कुणालाच ठाऊक नसेल, असं त्यांना वाटे. आणि त्यात जी किंचित सुटका वाटे तिची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटे.

कुमुदिनीला वाटायचं, माणूस पोरीच्या दुःखाने खंगतोय. ती त्यांना समजवायची, "तुमचा काय दोष?" आणि तेवढ्यावर सर उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी नवसू त्यांच्या घरी आला. हातात रानातल्या कंदांची पिशवी. चहा बशीत ओतून पिता पिता म्हणाला, "सर, तो बांध पुरा करा की."

सरांनी आपला कप बाजूला सारला.

"पावसाचं सगळं पानी त्या खिंडीतनं घुसतं. आधी ओहळभर पसरून यायचं, आता एका जागी जोर करतं. यंदा ओहळाखालच्या सुंदराबाईच्या घराचं जोतं धुपलं. पुढच्या साली घर ऱ्हात नाही."

"तुम्ही वाडीतले दहा जण मिळून एका दिवसात करू शकता."

नवसूने बशी खाली ठेवली. "कुनी जात नाही तिथं. बाया म्हनतात, खिंडीच्या टोकाला पोरगी बसलेली असते. दगड मांडीवर घेऊन." मग थांबून म्हणाला, "मी पन बघितली. एकदाच. काय बोलली नाही. माझ्याकडं बघून हसली."

दगड घेऊन हसणारी रविना फक्त एका फोनमध्ये होती आणि तो फोन सरांशिवाय आजवर कुणी उघडला नव्हता. कुमुदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोरच, नवसूकडे न बघता, सरांनी सगळं सांगून टाकलं. फोटो, पहार, एक मिनिटाचं काम.

कुमुदिनी भिंतीला टेकून खाली बसली. नवसूने आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोत्यात मीच बांधली पहार. रोज एक बाहेर ठेवायचो, त्या दिवशी ठेवली नाही. मला वाटलं, माझ्यामुळं गेली." उठताना त्याने एवढंच विचारलं, "तिच्या आईला ठाव हाय?"

दुसऱ्या दिवशी सर कॅम्प दोनला गेले. अंजना जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम करायची. गल्लीत दोन्ही बाजूंना शिलाई मशिनी, दारांतून निळ्या कापडाचे ढीग, मालक फोनवर सिंधीत कुणाला तरी झापत होता. अंजना खाली बसून एकेक पँट उलटून कात्री चालवत होती. बोटं निळी झालेली.

"सर? तुम्ही? बसा ना. ए, एक स्टूल दे रे."

सर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. कारखान्याच्या आवाजात त्यांना तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं. "मी सांगितलं म्हणून तिने दगड उचलला. ती म्हणाली होती, पहार नाही. मी म्हटलं, राहू दे."

अंजनाची कात्री थांबली. सरांनी फोन तिच्यासमोर धरला. तिने बोटं ओढणीला पुसली, फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. इतका मोठा की पडद्यावर नुसता चेहरा उरला.

"हसतेय," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे ती बोलली होती. पहार नाही म्हणून."

"हो."

अंजनाने वर बघितलं. "चार साल सर, मी तिला शिव्या घातल्या. फोटोला हार घालताना पण. मेली स्वतःच्या मस्तीने, असं बोलले. तिच्या बापाला, तिच्या भावाला, सगळ्यांना. भाऊ शाळेत कुणाचं ऐकत नाही तर त्याला बोलते, रविनासारखा मरशील." तिचा आवाज चढला नाही. "आणि तिने ऐकलं म्हणून मेली. तुमचं ऐकलं म्हणून."

सरांना गुडघे टेकावेसे वाटले, पण तेही तिलाच सांभाळून घ्यावं लागलं असतं. ते तसेच उभे राहिले.

"फोटो पाठवा मला," अंजना म्हणाली. "आणि ज्या ज्या लोकांना वाटतं ना, तिने नियम मोडला, त्या सगळ्यांना सांगा. सगळ्यांच्या समोर. मग पुन्हा इथे येऊ नका."

सरांनी सांगितलं. संस्थेच्या सभेत, जुन्या पथकातल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बोलावून सांगितलं. आता कॉलेजात जाणारा साईनाथ नावाचा मुलगा मधेच उठून बाहेर गेला. एका वडिलांनी सरांची कॉलर धरली आणि दुसऱ्यांनी ती सोडवली. पोलिसांत जबाब झाला, फॅक्टरीत कुजबुज झाली. संस्थेने त्यांचं नाव काढून टाकलं, ते रास्तच होतं. डोंगर पथक नवसूच्या हाताखाली पुन्हा सुरू झालं. सहा मुलं आली. त्यांच्याशी सरांनी संबंध ठेवायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून मुलं शनिवारी काम करायची आणि सर बुधवारी, सुट्टी टाकून, एकटे जायचे. नवसू सांगेल तेवढे दगड खालच्या माळावरून वाहून खिंडीपाशी रचून ठेवायचे. शनिवारी मुलं ते बांधात बसवायची. खिंडीजवळ पोचलं की सर आधी टोकाकडे बघायचे. कुणी दिसलं नाही. पण तिथे कधी पाखरू बोललं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. मार्चमध्ये बांध पुरा झाला.

श्रावणात नवसूचा फोन आला. अंजना यायची म्हणते, वाट ठाऊक नाही, तिला कुणीतरी बदलापूर स्टेशनवरून आणावं लागेल. सरांनी रिक्षा ठरवून दिली आणि स्वतः मोटारसायकलवर बरंच अंतर ठेवून मागे राहिले. खैरपाड्यात सुंदराबाईच्या घरापाशी ती उतरली, तिने त्यांना पाहिलं आणि हातानेच थांबा म्हणून खूण केली. नवसूबरोबर ती वर चढली. थोड्या वेळाने नवसू एकटाच खाली आला.

"तिला एकटं ऱ्हायचंय म्हनाली."

बांधामागे पाणी साचलेलं, दगडांतून झिरपून ओहळभर पसरून उतरत होतं. सुंदराबाईच्या अंगणात कोंबड्या चरत होत्या. वरून अंजनाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. आई मुलीशी बोलते तशी. थोडं बोलायची, मग थांबायची, समोरचं बोलणं पुरं होऊ द्यावं इतका वेळ. मग पुन्हा बोलायची.

अर्धा तास असं चाललं. सर आणि नवसू एकमेकांकडे न बघता ऐकत राहिले.

ती खाली आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भिजले होते. डोळे कोरडे होते. सरांजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"तुमच्यावर तिचा राग नाही म्हणते ती," अंजना म्हणाली. "माझा आहे."

आणि रिक्षात बसून तिने ड्रायव्हरला निघायला सांगितलं.